सुतावरून शेंड्याकडे : मासेमारीच्या जुन्या रिळाचा वृक्षारोहणातील उपयोग

१. प्रास्ताविक

'सुतावरून स्वर्ग गाठणे' हा वाक्प्रचार मराठीत उपहासार्थी योजला जातो. क्षुल्लक आधारावरून मोठे अनुमान काढणाऱ्यास तो लावतात. सुताला माणसाचा भार पेलत नाही, ही साधी वस्तुस्थिती त्या उपहासाच्या मुळाशी आहे. तथापि उंच वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या अर्धशतकात जी आरोहणपद्धती रूढ केली, तिचा आरंभ अक्षरशः सुतापासून होतो. हे सूत म्हणजे कोळ्यांच्या परिचयाचा तंगूस, आणि ते ज्यावर गुंडाळलेले असते ते साधन म्हणजे मासेमारीचे रीळ. पाण्याच्या काठी निरुपयोगी ठरलेले जुने रीळ रानात उपयोगी कसे पडते, त्याचे कार्य नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे. हा प्रश्न वरवर केवळ हस्तकौशल्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो शब्दार्थाचाही आहे, आणि शब्दार्थातील संदिग्धतेची किंमत ह्या प्रकरणी माणसाच्या प्राणांनी मोजावी लागण्याचा संभव आहे.

२. अडचणीचे स्वरूप

झाडावर चढणे ही कला कोकणाला नवी नाही. गोमंतकातील पाडेली व रेंदेर माडावर चढतात, ते खोडाला धरून. माडाचे खोड कवेत येण्याजोगे, शेंड्यापर्यंत सरळ व जवळजवळ एकसारख्या जाडीचे असते. म्हणून पायांतील दोरीचे वेटाळे, किंवा खोडाला पाडलेल्या खाचा, एवढ्यावर काम भागते. घनदाट वर्षावनातील महावृक्षांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा घेर दोन-तीन माणसांच्याही कवेत मावत नाही, आणि पहिली फांदी पुष्कळदा जमिनीपासून वीस-तीस मीटर उंचीवर असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रेडवुड वृक्षांत तर हे अंतर आणखी मोठे असते. २००६ साली आढळलेला 'हायपेरियन' हा रेडवुड वृक्ष त्या वेळी सुमारे ११५.५ मीटर उंच भरला. अशा झाडाच्या खोडाला खिळे ठोकणे किंवा खाचा पाडणे म्हणजे ज्याचा अभ्यास करावयाचा त्यालाच इजा करणे होय.

यास्तव खोड सोडून देऊन फांदीचा आश्रय घ्यावा लागतो. वरच्या एखाद्या बळकट फांदीवरून दोर पलीकडे टाकावयाचा, त्याचे एक टोक बुंध्याशी बांधावयाचे आणि दुसऱ्या, लोंबत्या भागावरून चढावयाचे, असा हा मार्ग आहे. डोनाल्ड पेरी ह्यांनी १९७८ मध्ये 'बायोट्रॉपिका' ह्या नियतकालिकात उष्ण कटिबंधातील उंच वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचण्याची पद्धती वर्णन केली, तेव्हापासून तिला शास्त्रीय संशोधनात प्रतिष्ठा लाभली. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, मार्गारेट लोमन ह्यांनी ऑस्ट्रेलियातील वर्षावनात आरोहणास प्रारंभ केला. त्यांनी कंबरपट्टा शिवला होता तो मोटारगाडीच्या आसनाच्या पट्ट्यांपासून, आणि दोरी वर धाडण्याची गलोलही घरगुतीच होती. टाकाऊ वस्तूंना नवे काम देण्याची वृत्ती ह्या शाखेच्या जन्मापासूनच तिच्यात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ अडचण अशी की तीस मीटर उंचीच्या फांदीवरून दोर पलीकडे टाकावयाचा कसा? हाताने फेकलेली वजनदार पिशवी पंधरा-वीस मीटरांपलीकडे क्वचितच जाते. गलोलीने वा धनुष्याने मारलेली शिशाची गोळी सहज जाते. परंतु तिच्या मागोमाग जो दोर ओढला जाईल तो इतका हलका हवा की गोळीची गती त्याने खाऊन टाकू नये. शिवाय तो एका क्षणात, कोठेही न अडकता उलगडला पाहिजे. नेमका हा गुण मासेमारीच्या एका विशिष्ट प्रकारच्या रिळात आहे.

३. रिळाची घडण व तिचा इतिहास

मासेमारीचे रीळ ही प्राचीन वस्तू आहे. चिनी चित्रकार मा युआन ह्याच्या नावावर असलेल्या, ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात हिवाळी सरोवरावरील एकाकी नावेत बसलेला मासेमार दिसतो. त्याच्या काठीवर रीळ आहे. जुन्या रिळांत फिरकी स्वतःच्या आसाभोवती फिरे आणि दोरा सुटत जाई. पतंगाच्या आसारीची रीत तीच आहे. ह्या रचनेत एक दोष आहे. गळ फेकला की आधी जड फिरकीला गती द्यावी लागते, आणि गळ पाण्यात पडल्यावरही फिरकी आपल्या गतीने फिरतच राहते. परिणामी दोऱ्याचा गुंता होतो.

हा दोष दूर केला तो आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ ह्या इंग्रज कापड-कारखानदाराने. १९०५ मध्ये त्याने ज्या रिळाचे स्वामित्वपत्र घेतले त्यात फिरकी स्थिर असते. दोरा तिच्या पुढच्या काठावरून वेटोळ्यावेटोळ्याने निसटत जातो, आणि परत गुंडाळताना फिरकीऐवजी तिच्याभोवती एक आकडी फिरते. सूतगिरणीतील कांडीवरून धागा असाच टोकाकडून निसटत असतो. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेतील टल्सा येथे बंद तोंडाचे रीळ बाजारात आले. त्याचा जनक आर. डी. हल ह्यास ही कल्पना एका दुकानात पुडा बांधण्याच्या दोऱ्याची स्थिर गुंडी पाहून सुचली, असे सांगतात. ज्या कारखान्याने ते तयार केले त्याचा मूळ धंदा तेलविहिरींच्या कामी लागणारे स्फोटक गोळे बनविण्याचा होता. 'झीरो अवर बाँब कंपनी' ह्या त्याच्या नावातील आद्याक्षरे जोडून रिळाला 'झेब्को' हे नाव पडले. आज ते नाव उच्चारणाऱ्यास त्यातील 'बाँब' ऐकू येत नाही. व्युत्पत्ती विसरली गेल्यावाचून शब्दाला नवे आयुष्य मिळत नाही, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

तात्पर्य, जे रीळ आज झाडाकडे वळविले जाते ते मुळात मासेमारीचेही नव्हते. त्याची कल्पना कापडगिरणीतून आणि किराणा दुकानातून पाण्याकडे आली. 'रीळ' ह्या शब्दाचा प्रवासही असाच आहे. इंग्रजीतील मूळ जुना शब्द सूत गुंडाळण्याच्या साधनाचा वाचक होता. मराठीत तो शिवणाच्या दोऱ्याला, मग चित्रपटाच्या फितीला आणि मासेमारीच्या साधनाला लागला. अलीकडे 'रील' ह्या रूपाने तो मोबाइलवरील अल्पकाळाच्या दृश्यफितीचाही वाचक झाला आहे. वस्तू बदलल्या, 'गुंडाळलेले उलगडणे' हा अर्थाचा गाभा मात्र टिकून राहिला.

४. जुन्या रिळाची निवड

मासेमारास जुने रीळ टाकाऊ वाटते त्याची कारणे ठरलेली असतात. मोठा मासा ओढू लागला असता दोरा तुटू नये म्हणून त्यास बेताबेताने सुटू देणारी जी रोधक चकती असते, ती झिजते, दात्यांत खरखर येते, काठी मोडते. वृक्षारोहकास ह्यांपैकी एकाही गोष्टीचे फारसे महत्त्व नाही. दोऱ्याच्या टोकाशी झुंजणारा मासा नसल्यामुळे रोधक चकतीची गरज नाही, आणि काठी तर नकोच आहे. त्याला पाहावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. एक, रीळ स्थिर फिरकीचे असावे. फिरत्या फिरकीचे, विशेषतः समुद्रावरील जड रीळ ह्या कामी निरुपयोगी. दोन, फिरकीचा काठ गुळगुळीत असावा, कारण काठाला बारीकसा टवका गेला असला तरी वेगाने सुटणारा दोरा त्यावर खरचटतो किंवा अडतो. तीन, फिरकीवर निदान शंभर मीटर दोरा मावावा.

रीळ जुने चालते, दोरा मात्र नवा हवा. नायलॉनची घोषणा ड्यूपाँट कंपनीने १९३८ मध्ये केली, आणि त्यानंतर मासेमारीच्या दोऱ्यात सुती व रेशमी धाग्यांची जागा एकेरी नायलॉन तंतूने, म्हणजे तंगुसाने, घेतली. हा तंतू उन्हाने कमजोर होतो. वर्षानुवर्षे फिरकीवर पडून राहिल्यास त्यास वेटोळ्यांचे वळण पडते, आणि असा दोरा हवेत सरळ न जाता स्प्रिंगेसारखा आखडतो.

निवडलेले रीळ गलोलीच्या दांड्यास किंवा आडव्या धनुष्याच्या खालच्या अंगास पक्के बांधतात. कॉस्टा रिकाच्या मेघवनात काम करणाऱ्या नलिनी नाडकर्णी ह्या भारतीय पित्याच्या अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांच्या वापरातील गलोल व रीळ ह्यांच्या संयुक्त साधनास 'मास्टर कास्टर' असे गमतीचे नाव आहे. बांधताना ध्यानी धरावयाचे ते एवढेच की दोरा सुटण्याच्या मार्गात गलोलीचे रबर, हात किंवा दांडा येता कामा नये, आणि नेम धरण्यापूर्वी आकडी उघडलेली असावी. आकडी मिटलेली राहिल्यास दोरा तुटतो आणि गोळी भरकटते.

५. सूत, दोरी, दोर

गोळी फांदीपलीकडे जाऊन जमिनीवर उतरली म्हणजे रिळाचे निम्मे काम झाले. उरलेले काम समजण्यास एक लोककथा उपयोगी पडेल. मनोऱ्यात कोंडलेल्या प्रधानास सोडविण्यासाठी त्याची पत्नी एका भुंग्याच्या तोंडाशी मध लावते आणि त्याच्या अंगाला रेशमाचा तलम धागा बांधून त्यास भिंतीवर सोडते. मधाच्या वासाने भुंगा वर वर जातो. प्रधान त्या रेशमाने जाड धागा, जाड धाग्याने दोरी आणि दोरीने दोर वर ओढून घेतो. आरोहणाची पद्धती हीच आहे. भुंग्याच्या ठिकाणी शिशाची गोळी आहे, इतकाच फरक.

मधल्या पायऱ्या गाळता येत नाहीत, हे थोड्या हिशेबाने दाखविता येते. फांदी तीस मीटर उंच आहे आणि दोऱ्याची एकूण लांबी सत्तर मीटर आहे असे धरू. ०.४ मिलिमीटर जाडीच्या सत्तर मीटर तंगुसाचे वजन अवघे दहा ग्रॅम भरते. म्हणूनच गोळी त्यास घेऊन उडू शकते. तीन मिलिमीटर जाडीच्या तितक्याच दोरीचे वजन सुमारे चारशे ग्रॅम, आणि माणसाचा भार पेलणाऱ्या अकरा मिलिमीटर दोराचे पाच किलोंहून अधिक. तंगूस सुमारे दहा किलोंच्या ताणास तुटतो. फांदीपर्यंत उचललेल्या तीस मीटर दोराचे वजन सव्वादोन किलो असते, तेव्हा तंगुसानेच दोर ओढावा असे कोणास वाटेल. परंतु खरखरीत सालीवरून अर्धा वेढा घेऊन जाणाऱ्या दोऱ्यास घर्षणामुळे मूळ वजनाच्या जवळजवळ पाचपट ताण सोसावा लागू शकतो. सव्वादोनाचे मग अकरा होतात, आणि तंगूस तुटतो. उलटपक्षी तीन मिलिमीटरच्या तीस मीटर दोरीचे वजन दोनशे ग्रॅमहूनही कमी असल्याने पाचपटीनेही ताण किलोच्या आतच राहतो. ही दोरी एकदा वरून आली की तीस अकरा किलोंचा ताण म्हणजे काहीच नव्हे. तिने दोर निर्धास्तपणे ओढता येतो. सूत दोरीला आणते, दोरी दोराला आणते, आणि दोर माणसाला नेतो.

प्रत्येक जोडावरची गाठ निमुळती असावी व तीवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती सालीच्या खाचेत अडकत नाही. येथे सरगाठ चालत नाही; निरगाठच हवी. दोर वर गेल्यावर एक टोक बुंध्याशी बांधून दोन-तीन माणसांनी मिळून दुसऱ्या टोकास लोंबकळावे आणि फांदीची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, परंतु ती टाळू नये. कारण बुंध्याशी बांधलेल्या दोरावरून सत्तर किलोंचा माणूस चढू लागला की फांदीवर, घर्षण सोडून दिले असता, एकशेचाळीस किलोंचा भार येतो. दोराच्या दोन्ही अंगांचा ताण तिला सोसावा लागतो. ह्या गोष्टीचे अज्ञान हे अपघाताचे एक मोठे कारण होऊ शकते.

प्रत्यक्ष चढण्यासाठी दोराला पकडून वर सरकणारी पण खाली न घसरणारी साधने लागतात. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक ह्याची १९३१ मधील गाठ हे त्यांचे साधे रूप. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील यूसी आणि मार्ती ह्या दोघांनी सिद्ध केलेला 'जुमार' हे यांत्रिक रूप. 'जुमार' हे नाव दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांतून घडले आहे. 'झेब्को' आणि 'जुमार' ही दोन विशेषनामे अशा प्रकारे एकाच दोराच्या दोन टोकांशी येऊन भेटतात.

६. 'साधन' शब्दाची संदिग्धता

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मासेमारीचे रीळ हे वृक्षारोहणाचे साधन आहे काय? 'शिडीने चढला', 'दोराने चढला', 'रिळाने चढला' ह्या तिन्ही वाक्यांत मराठी एकच तृतीयेचा प्रत्यय योजते. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही सारखीच शुद्ध आहेत. परंतु पाणिनीने करणाची जी कल्पना मांडली तीत क्रियेच्या सिद्धीस जे सर्वांहून अधिक उपकारक तेच करण मानले आहे. त्या कसोटीने चढण्याचे करण दोर आहे, रीळ नव्हे. रीळ हे दोर आणण्याच्या, किंबहुना दोर आणणाऱ्या दोरीला आणण्याच्या, क्रियेचे करण आहे. मूळ क्रियेशी त्याचा संबंध तीन पायऱ्यांनी दूरचा आहे.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद सूक्ष्म वाटेल, आरोहकास तो सूक्ष्म राहत नाही. 'जुन्या रिळापासून चढण्याचे साहित्य' अशा शब्दांनी ही युक्ती सांगितली गेली तर एखादा उत्साही विद्यार्थी रिळाची मूठ, आकडी किंवा तंगूस ह्यांवर स्वतःचा वा सहकाऱ्याचा भार टाकावयास निघेल, आणि तसे करणे घातक आहे. रिळाच्या कोणत्याही भागाने माणसाचा भार कधीही पेलावयाचा नाही. दोर वर जाताच रीळ बाजूस ठेवावयाचे. कंबरपट्टा, दोर, आकडे आणि जुमार ही मात्र त्याच कामासाठी केलेली, तपासलेली आणि नवी असावीत. जुने चालेल ते केवळ पहिल्या पायरीस. त्यातही प्रथम आरोहण जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

पहिल्या पायरीसही धोका नाही असे नाही. गोळी फांदीत अडकली असता तंगूस हिसकून ओढण्याचा मोह होतो. नायलॉन ताणले जाते. गोळी एकाएकी सुटली की तोच तंगूस गलोलीच्या रबरासारखा आखडून तिला ओढणाऱ्याच्या तोंडावर आणतो. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, ओढणाऱ्याने दोऱ्याच्या रेषेतून बाजूस उभे राहावे, आणि तंगूस हाताला न गुंडाळता काठीला गुंडाळून ओढावा. हाताला गुंडाळल्यास तो कातडी कापतो. तुटलेला तंगूस झाडावर सोडून येणे हाही दोषच होय. तो लवकर कुजत नाही, आणि पक्ष्यांचे पाय व पंख त्यात अडकतात. पतंगाच्या मांजाने होणारी हानी ज्यांनी पाहिली आहे त्यांस ह्याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

७. उपसंहार

एवढा खटाटोप कशासाठी, ह्याचे उत्तर शेंड्यावर आहे. नाडकर्णी ह्यांनी वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या वर्षावनात दोराने चढून जे पाहिले ते १९८१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेपल वृक्षांच्या फांद्यांवर शेवाळ व इतर अपिवनस्पतींचा जाड थर साचतो, त्यात माती तयार होते, आणि वृक्ष स्वतःच्याच फांद्यांतून त्या मातीत आगंतुक मुळे सोडून अन्नद्रव्ये घेतो. मूळ जमिनीत आणि पान आकाशात ही समजूत जमिनीवर उभ्या राहिलेल्या निरीक्षकाची होती. छत्रात काम करण्याची इतर साधने आहेत. १९९० मध्ये पनामात बांधकामाची उंच यारी रानात उभी करण्यात आली. परंतु यारीस पैसा लागतो आणि ती एका जागी खिळलेली असते. दोर पाठीवरून नेता येतो. मर्यादित साधनांच्या विद्यापीठीय विभागांना तोच परवडण्याजोगा आहे. २००९ मध्ये बंगळूर येथे वृक्षछत्राविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सह्याद्रीच्या सदाहरित रानांच्या शेंड्यांवर आमरींपासून मुंग्यांपर्यंत जे नांदते आहे, त्याच्या अभ्यासास भारतातही वाव आहे, हे तिने सूचित केले.

सारांश, जुन्या रिळाचा हा नवा उपयोग म्हणजे वस्तूचा अर्थविस्तार होय. अर्थविस्तार झालेला शब्द सुरक्षितपणे वापरावयाचा तर त्याची व्याप्ती ठाऊक असावी लागते. वस्तूचेही तसेच आहे. सुतावरून स्वर्ग गाठता येत नाही, हे म्हणणाऱ्यांचे चुकले नाही. सुताने दोरी आणता येते, दोरीने दोर आणता येतो, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीला निरोप द्यावा लागतो, एवढेच त्यात जोडावयाचे आहे.